चाक बसते, पण घट्ट होते का?

जव्हार-मोखाडा भागातल्या शाळांत शिकवणाऱ्यांना जीपच्या प्रवासाचे वर्णन सांगायला नको. एस.टी. चुकली की नाक्यावर उभी असलेली जीप गाठायची, दाटीवाटीने बसायचे आणि निघायचे. विक्रमगडकडून जव्हारला चढणारा घाट, मोखाड्याहून त्र्यंबकेश्वराकडे जाताना लागणारा तोरंगणचा घाट, खोडाळ्याहून कसाऱ्याकडे उतरणारा रस्ता या सगळ्या वाटा वळणांच्या आहेत. पावसाळ्यात त्यांत खड्ड्यांची भर पडते. गाडीत जितक्या जागा असतात तितकीच माणसे बसतात असे कोणी म्हणणार नाही. या साऱ्या भाराला रस्त्याशी जोडणारी चार चाके आणि प्रत्येक चाकाला गाडीशी जोडणारे चार-पाच नट, एवढ्यावर आपला प्रवास चाललेला असतो.

अलीकडे गाडीची मूळ पोलादी रिम काढून तिच्या जागी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चकचकीत रिम बसवण्याची हौस गावोगाव पोहोचली आहे. जुने लोक तिला ‘मॅगव्हील’ म्हणतात, नवे ‘अलॉय’. नवी परवडत नसेल तर भंगार बाजारातून दुसऱ्या गाडीची आणतात. छिद्रे जुळत नसतील तर जुनी भरून नवी पाडून देणारे कारागीरही आहेत. अशी रिम चढवताना गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते: “साहेब, थोडा फरक आहे, पण बसतंय ना!” हा ‘थोडा फरक’ किती असला तर चालतो आणि चाक बसणे म्हणजे नक्की काय, ते या लेखात पाहू. लागणारे गणित दहावीच्या पलीकडचे नाही.

प्रथम मोजमाप. चाकाच्या मध्याभोवती नटांसाठी चार, पाच किंवा सहा छिद्रे सारख्या अंतरावर असतात. त्यांच्या केंद्रांतून जाणारे एक वर्तुळ आपण मनात काढू शकतो. याला छिद्रवर्तुळ म्हणू. त्याचा व्यास हे चाकाचे एक महत्त्वाचे माप आहे. टायरच्या दुकानात त्याला ‘पीसीडी’ म्हणतात आणि ‘पाच गुणिले एकशेचौदा’ अशा भाषेत ते बोलले जाते. पहिला आकडा छिद्रांची संख्या, दुसरा वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये.

हे आकडे थोडे विचित्र दिसतात. टोयोटा इनोव्हाचे माप ११४.३ मिमी आहे. जुन्या जीपचे १३९.७ मिमी. हे दशांश कुठून आले? २५.४ ने भागून पाहा. पहिला बरोबर साडेचार इंच निघतो, दुसरा साडेपाच इंच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत बनलेल्या विलिस जीपला साडेपाच इंचांच्या वर्तुळावर पाच स्टड होते. चाळिसाच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रने त्याच जीपचे भाग आणून भारतात जोडायला सुरुवात केली आणि ते माप आपल्याकडे आले. आपण मेट्रिक पद्धत कायद्याने १९५६ साली स्वीकारली, पण गाडीच्या चाकात इंच तसाच राहिला. युरोपातील कारखान्यांनी मात्र मिलिमीटरमध्ये विचार केला. मर्सिडीजचे माप ११२ मिमी, भारतात विकल्या गेलेल्या फियाट उनो आणि पालिओचे चार छिद्रांचे ९८ मिमी, तर टाटा इंडिका आणि होंडा सिटीचे चार छिद्रांचे १०० मिमी. आता ९८ आणि १००, किंवा ११२ आणि ११४.३, या जोड्या पाहा. डोळ्यांना त्या सारख्याच वाटतात, आणि घोटाळा इथेच सुरू होतो. (कोणी १३९.७ ला ‘१४०’ किंवा ११४.३ ला ‘११४’ म्हणत असेल, तर ते केवळ बोलण्याच्या सोयीसाठी. त्यात खरा फरक नाही.)

चार किंवा सहा छिद्रांच्या चाकाचा हा व्यास मोजणे सोपे आहे. समोरासमोरच्या दोन छिद्रांच्या केंद्रांतील अंतर घेतले की झाले. पाच छिद्रांच्या चाकात मात्र कोणत्याही छिद्राच्या बरोबर समोर दुसरे छिद्र नसते. अशा वेळी शेजारच्या दोन छिद्रांतील अंतर मोजतात. वर्तुळाच्या केंद्राशी या दोन छिद्रांमध्ये ७२ अंशांचा कोन असतो. म्हणून ते अंतर व्यासाच्या साइन ३६ पट, म्हणजे ०.५८८ पट येते. उलट करून, मोजलेल्या अंतराला १.७ ने गुणले की व्यास मिळतो. जीपच्या चाकावर हे अंतर सुमारे ८२ मिमी भरते, आणि ८२.१ ला १.७०१ ने गुणले की १३९.७ येतात. त्रिकोणमितीच्या तासाला शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या एखाद्या गाडीचे चाक यासाठी वापरता येईल. चाक सोडवावे लागत नाही, पट्टी पुरते.

त्याच तासाला आणखी एक गोष्ट दाखवता येईल. पट्टीने मोजताना १ मिमीची चूक सहज होते. तिलाही १.७ ने गुणले जाते, म्हणजे व्यासात १.७ मिमीची चूक शिरते. रिमची जुनी छिद्रे भरून नवी पाडणारा कारागीर अनेकदा अशाच पट्टीवर विसंबून असतो. त्याचा हात कितीही कुशल असो, मापातली चूक तो हात सुधारू शकत नाही. म्हणजे ९८ आणि १०० च्या घोळापासून दूर असलेल्या जीपच्या चाकातही मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा फरक या वाटेने येऊ शकतो.

आता फरक असूनही चाक ‘बसते’ कसे? चाकातले छिद्र स्टडपेक्षा नेहमीच थोडे मोठे असते. १२ मिमी जाडीच्या स्टडसाठी छिद्र १४-१५ मिमीचे असले, तर स्टडभोवती मिलिमीटर-दीड मिलिमीटर मोकळी जागा राहते. ९८ च्या हबवर १०० चे चाक चढवले, तर प्रत्येक छिद्राचे केंद्र स्टडच्या केंद्रापासून १ मिमी बाहेर जाते, कारण त्रिज्यांमधला फरक व्यासांमधल्या फरकाच्या निम्मा असतो. हा १ मिमी त्या मोकळ्या जागेत मावतो, चाक स्टडवर सरकते आणि नट फिरू लागतात. सारे ठीक दिसते.

पण ती मोकळी जागा असली तरी चाक तिच्या भरवशावर बसवलेले नसते. नटाचे आतले टोक शंकूसारखे निमुळते असते आणि चाकाच्या छिद्राच्या तोंडाशी तसाच खोलगट शंकू कोरलेला असतो. नट आवळत गेला की शंकू शंकूत बसतो, चाक आपोआप मध्यावर येते आणि मोकळ्या जागेला काही अर्थ उरत नाही. छिद्र १ मिमी बाजूला असले की हा मेळ बिघडतो. नटाचा शंकू गोलाईभर न टेकता एका बाजूच्या अरुंद पट्टीवर टेकतो.

पुठ्ठ्यावर हे करून पाहता येईल. एका पुठ्ठ्यावर ४९ मिमी त्रिज्येचे वर्तुळ काढून त्यावर चार खुणा करा. ट्रेसिंग कागदावर ५० मिमीचे वर्तुळ काढून चार खुणा करा. केंद्रे जुळवलीत तर चारही खुणा १ मिमीने चुकतात. मेकॅनिकने पहिला नट पूर्ण आवळला की काय होते, ते पाहायला ट्रेसिंग कागद सरकवून एक खूण तंतोतंत जुळवा. आता समोरची खूण २ मिमीने चुकलेली दिसेल आणि बाजूच्या दोन प्रत्येकी १.४ मिमीने (पायथागोरसने तपासा: १ आणि १ या बाजूंचा कर्ण). पहिला नट छान बसला म्हणून समाधान मानावे, तर त्याची किंमत बाकीच्या तिघांनी मोजलेली असते.

एक मिलिमीटर म्हणजे किती मोठा फरक, हे समजण्यासाठी चाक गाडीला कशाने धरलेले असते ते पाहावे लागेल. गाडीचा भार त्या चार-पाच स्टडवर खुंटीला पिशवी टांगावी तसा लटकलेला असतो, असा बहुतेकांचा समज असतो. तसे नसते. वर्गातली आठ-दहा पुस्तके शेजारी शेजारी उभी धरून दोन्ही तळहातांनी बाजूंनी दाबा आणि उचला. मधल्या पुस्तकांना खालून काहीच आधार नाही, तरी ती पडत नाहीत. दाब जास्त असला की पुस्तकांमधले घर्षण जास्त, आणि घर्षण त्यांना धरून ठेवते. दाब सैल केला की मधले पुस्तक आधी निसटते. चाक आणि हब यांचेही असेच आहे. नट आवळणे म्हणजे चाकाला हबवर दाबून धरणे, आणि चाक हलू न देण्याचे मोठे काम त्या दाबातून येणारे घर्षण करते.

हा दाब किती असतो? १२ मिमी जाडीच्या स्टडवरचा नट १०० न्यूटन-मीटर पिळाने आवळला असे धरू. आट्यांमधील आणि नटाखालील घर्षणात बराचसा पीळ खर्च होतो. अभियंते वापरतात त्या ढोबळ सूत्राने (पीळ भागिले ०.२ गुणिले जाडी) एका स्टडमध्ये सुमारे ४२,००० न्यूटन ताण येतो, म्हणजे चार टनांहून अधिक वजन टांगल्यासारखा. पाच स्टडचा मिळून २,१०,००० न्यूटन. घर्षणगुणांक ०.१५ धरला तर चाक आणि हब यांच्यामध्ये ३१,५०० न्यूटनपर्यंत घर्षण मिळू शकते.

गरज किती असते तेही पाहू. भरलेल्या जीपच्या एका चाकावर ५०० किलोग्रॅम भार आहे आणि घाटात जोराने ब्रेक दाबला आहे. रस्ता आणि टायर यांच्यातील घर्षणगुणांक ०.७ असेल तर रस्ता चाकाला सुमारे ३,४०० न्यूटन बलाने मागे ओढतो. हे बल चाकाच्या कडेवर, केंद्रापासून ३५ सेंटिमीटरवर लागते. स्टड मात्र केंद्रापासून फक्त ७ सेंटिमीटरवर आहेत. तरफेच्या नियमाने तिथे पाचपट बल लागते, म्हणजे १७,००० न्यूटन. ३१,५०० उपलब्ध, १७,००० ची गरज. हिशेब निभावतो. नटांचा दाब निम्म्यावर आला, तर उपलब्ध घर्षण १५,७५० न्यूटन राहते आणि त्याच ब्रेकला चाक हबवर किंचित सरकते.

आता खरा मुद्दा. ४२,००० न्यूटनांच्या ताणाने स्टड किती लांबतो? १२ मिमीच्या स्टडचे आट्यांच्या जागी परिणामी क्षेत्रफळ ८४ चौरस मिमी असते. ताण भागिले क्षेत्रफळ म्हणजे दर चौरस मिमीला ५०० न्यूटन. पोलादाचा यंग गुणांक २,००,००० धरला तर लांबीत होणारी वाढ हजारात अडीच. दबलेला भाग २५ मिमी लांब असेल, तर स्टड जेमतेम ०.०६ मिमी लांबतो. माणसाच्या डोक्याचा केस साधारण इतकाच जाड असतो. चार टनांचा सारा दाब या केसभर ताणलेल्या पोलादी स्प्रिंगमध्ये साठवलेला असतो. नटाखालचे आसन कुठे ०.०३ मिमीने चेपले गेले की दाब निम्मा होतो, ०.०६ ने चेपले गेले की तो जवळजवळ संपतो. (प्रत्यक्षात रिमचा मधला भागही थोडी स्प्रिंग देतो, त्यामुळे आकडे जरा सौम्य होतात.) केसाच्या जाडीवर उभ्या असलेल्या या व्यवस्थेत १ मिमीचा फरक सोळा केसांइतका आहे.

जुळणी बरोबर असताना नटाचा दाब शंकूच्या साऱ्या गोलाईवर पसरतो. चुकलेली असताना तोच दाब एका अरुंद पट्टीवर येतो. ॲल्युमिनियमचा मिश्रधातू पोलादापेक्षा मऊ असतो. ती पट्टी दिवसागणिक चेपत जाते आणि नट न फिरताच दाब कमी होत जातो. शिवाय पाना फिरवताना हाताला जो जोर लागतो, त्यातला काही भाग स्टडला बाजूला वाकवण्यात आणि नटाची कड घासण्यात गेलेला असतो. पान्याचा आवाज आणि मेकॅनिकच्या हाताचा अंदाज दोन्ही ‘घट्ट’ म्हणतात, पण स्टडमध्ये तितका ताण उतरलेला नसतो. टॉर्कपाना वापरला तरी आकडा बरोबरच दाखवील, कारण तो पीळ मोजतो, ताण मोजत नाही.

स्टड वाकण्याचेही गणित करून पाहण्यासारखे आहे. एका बाजूने घट्ट धरलेल्या, ३० मिमी लांब आणि १२ मिमी जाड पोलादी कांबीचे मोकळे टोक फक्त ०.३ मिमी बाजूला ढकलले, तर तिच्या मुळाशी दर चौरस मिमीला सुमारे १,२०० न्यूटन इतका ताण येतो. उत्तम प्रतीच्या स्टडचे पोलादसुद्धा ९०० च्या आसपास कायमचे वाकायला लागते. म्हणजे पूर्ण १ मिमी वाकून स्टड चाकाशी जुळवून घेऊ शकत नाही. थोडा तो वाकतो, थोडे आसन झिजते, थोडा नट तिरका बसतो, आणि या तिघांच्या तडजोडीला आपण ‘बसले’ म्हणतो.

घाटाची त्यात आणखी एक भर असते. उतरताना ब्रेक तापतात, त्यांची उष्णता हब, रिम आणि स्टड यांच्यात जाते. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. तापमान ८० अंशांनी वाढले तर रिमचा २० मिमी जाड भाग तितक्याच लांबीच्या पोलादापेक्षा सुमारे ०.०१८ मिमी अधिक फुगतो. आपल्या ०.०६ मिमीच्या हिशेबात ही वाढ तिसऱ्या हिश्शाएवढी आहे. तापलेले असताना नट अधिक आवळल्यासारखे होतात आणि अरुंद पट्टीवरचे आसन आणखी चेपले जाते. पायथ्याशी येऊन चाक निवले की रिम मूळ जाडीला येते, चेपलेले आसन मात्र चेपलेलेच राहते. चांगल्या जुळलेल्या चाकाला हा चढउतार सोसतो, कारण त्याचे आसन लवचिक मर्यादेत असते.

दाब कमी झाला की पुढचा अंक सुरू होतो. नट सुटायचे कारण म्हणून आपण ‘हादरे’ म्हणून मोकळे होतो. पण कोणते हादरे? १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिले की, बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या हादऱ्यांपेक्षा जोडलेले भाग एकमेकांवर आडवे सरकणे कितीतरी घातक असते. भाग आडवे सरकू लागले की आट्यांमधील घर्षण जणू नाहीसे होते आणि नट आपोआप मागे फिरतो. पुरेसा दाब असेल तर भाग सरकतच नाहीत आणि नट वर्षानुवर्षे जागचा हलत नाही. मघाचा जोराचा ब्रेक आणि निम्म्यावर आलेला दाब आठवा.

इथे सायकलचे उदाहरण विद्यार्थ्यांना आवडेल. सायकलच्या डाव्या पायट्याचे आटे उलटे असतात, हे सायकल दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक मुलाला माहीत असते. का, ते मात्र बहुधा माहीत नसते. एक बांगडी टेबलावर ठेवा आणि तिच्या आत पेन्सिल उभी धरून आतल्या कडेला टेकवत गोल फिरवत न्या. पेन्सिल बांगडीत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत गेली, तर घरंगळताना स्वतःभोवती ती उलट दिशेने फिरते. मोठ्या भोकात सैल बसलेल्या कोणत्याही गोल वस्तूवर फिरता भार आला की असेच होते. जीप पुढे जात असताना डाव्या चाकाच्या सैल नटाला ही घरंगळ सुटण्याच्या दिशेने फिरवते. म्हणूनच विलिसच्या जुन्या जीपगाड्यांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असत. पुढे नटाच्या शंकूने सैलपणाच नाहीसा केला आणि दोन्ही बाजूंना सरळ आटे चालू लागले. न जुळणारी रिम बसवली की शंकूने घालवलेला हा जुना रोग परत येतो, आणि आता उलटे आटेही नसतात.

नट सुटला नाही तर स्टड तुटतो. तो एका दणक्याने क्वचितच तुटतो. ८ मे १८४२ रोजी पॅरिसजवळ मदों येथे आगगाडीच्या इंजिनाचा कणा मोडून भीषण अपघात झाला आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. इतक्या जाड पोलादी दांड्या नेहमीच्याच भाराखाली का मोडतात, हा प्रश्न त्यानंतर अभियंत्यांना छळू लागला. जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी १८५० ते १८७० च्या दरम्यान कण्यांवर लाखो वेळा भार चढवून-उतरवून प्रयोग केले. एकदा सहज पेलणारा भार लाखो वेळा आला तर धातू मोडतो, आणि भाराचा चढउतार एका मर्यादेखाली ठेवला तर पोलाद जवळजवळ कितीही वेळा तो सोसते, असे त्यांना आढळले. याला धातूचा थकवा म्हणतात.

लाखो वेळा हा शब्द मोठा वाटतो, पण चाकाच्या बाबतीत तो फार लवकर येतो. ३५ सेंमी त्रिज्येचे चाक एका फेऱ्यात २.२ मीटर जाते, म्हणजे किलोमीटरला सुमारे ४५५ फेरे. दिवसाकाठी शंभर किलोमीटर चालणारी जीप ४५,५०० फेरे मारते. बावीस दिवसांत दहा लाख पुरे होतात. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक स्टड एकदा खाली येतो आणि एकदा वर जातो. घट्ट आवळलेल्या जोडात हा चढउतार बहुतेक सारा रिम आणि हब यांच्या दाबलेल्या पृष्ठभागांवर जातो, स्टडच्या वाट्याला अगदी थोडा येतो. दाब गेला की तो स्टडवर येतो, तोही आधीच वाकलेल्या स्टडवर. पाचांपैकी एक तुटला की बाकीच्या चौघांवरचा भार वाढतो, दुसरा अधिक लवकर तुटतो आणि तिसरा त्याहून लवकर. आठवडाभर तक्रार नसलेले चाक शेवटच्या काही किलोमीटरांत निखळते, ते यामुळे. बसवून चार दिवस झाले, काही झाले नाही, हा पुरावा म्हणून फार तोकडा आहे.

चाक मध्यावर नसल्याचा आणखी एक परिणाम हाताला जाणवतो. रिमच्या मधले मोठे भोक हबच्या उंचवट्यावर नेमके बसत असेल, तर चाक सहसा मध्यावरच राहते. पण दुसऱ्या गाडीच्या रिमचे भोक बहुधा मोठे असते आणि चाक १ मिमी सरकते. २५ किलोचे चाक १ मिमी सरकले तर ताशी ६० किलोमीटर वेगाला सुमारे ५७ न्यूटनांचे बल सेकंदाला सात-आठ वेळा दिशा बदलत गाडीला ढकलत राहते. स्टिअरिंग थरथरते. मग गाडी बॅलन्सिंगला नेतात आणि तिथे चाक निर्दोष ठरते. यात दुकानदाराची लबाडी नसते. बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक मधल्या भोकाने शंकूवर चढवलेले असते, म्हणजे तिथे ते बरोबर मध्यावर असते. दोष चाकात नसून चाक आणि हब यांच्या नात्यात आहे, आणि ते नाते यंत्रावर येतच नाही.

मग उपाय काय? सर्वांत वाईट उपाय म्हणजे कानशीने छिद्रे लांबट करणे. त्याने चाक सुखाने चढते, पण शंकूचे आसनच नाहीसे होते. आमच्या मते अशी रिम भंगारातच गेली पाहिजे. दुसरा उपाय म्हणजे डोलत्या शंकूचे बोल्ट. यांत शंकूची कडी बोल्टवर किंचित सरकू शकते, त्यामुळे शंकू छिद्रात नीट बसतो आणि बोल्ट हबमध्ये सरळ राहतो. मिलिमीटरभराच्या फरकापुरते ते चालतात, ९८ च्या हबवर १०० ची रिम बसवायला युरोपात ते वापरले जातात. फियाटच्या चाकांना सुटे बोल्ट असल्याने तिथे ते शक्य आहे. जीपसारख्या गाड्यांत स्टड हबमध्येच पक्के ठोकलेले असतात, तिथे हे बोल्ट लावता येत नाहीत. तिसरा उपाय म्हणजे दोन छिद्रवर्तुळे असलेली मधली जाड तबकडी. ती नीट बनवलेली असेल तर मेळ जमतो, पण चाक दोन-अडीच सेंटिमीटर बाहेर येते आणि बेअरिंगवरचा भार वाढतो. भरलेल्या जीपला घाटात ते आम्ही सुचवणार नाही. सरळ उपाय एकच उरतो: हबच्या मापाची रिम घेणे, आणि ती मिळत नसेल तर मूळ पोलादी रिम ठेवणे.

पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थांत वाहनांच्या भागांच्या चाचण्या होतात. रिमच्या ठरलेल्या चाचण्या तीन प्रकारच्या: फिरत्या वाकवणाऱ्या भाराची, ड्रमवर दाबून चालवण्याची आणि आघाताची. तिन्हींत रिम तिच्या मापाच्या हबवर, ठरावीक पिळाने आवळलेली असते. रिमवर चाचणीची खूण असणे चांगलेच, पण दुसऱ्या मापाच्या हबवर ती रिम चढवली की त्या खुणेचा अर्थ राहत नाही.

रिम बरोबर मापाची असली तरी नट आवळण्याची एक रीत आहे. चाक जॅकवर असतानाच सगळे नट हाताने बसवावेत. नट हाताने शेवटपर्यंत फिरत नसेल, मध्येच अडत असेल, तर तिथेच थांबावे, कारण जुळणी चुकल्याची ही पहिली खूण आहे. मग पान्याने थोडे थोडे, शेजारचा सोडून समोरचा, अशा चांदणीच्या क्रमाने आवळावे आणि चाक जमिनीला टेकवून शेवटचा पीळ द्यावा. नव्या रिमचे नट पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर एकदा तपासावेत. आसन थोडे बसतेच, आणि केसभराचा हिशेब आपण पाहिला आहे.

प्रवाशाला हातात पाना न घेताही काही गोष्टी दिसतात. नटाच्या बुडाशी गंजाचे किंवा काळपट भुकटीचे ओघळ असतील, तर तिथे धातू धातूवर सरकतो आहे. नटाभोवतीचा रंग गोलाकार उडाला असेल, तर तेच. हळू चालताना चाकाच्या फेऱ्यागणिक टक्-टक् आवाज येत असेल, तर चालकाला लगेच थांबायला सांगावे. मोठ्या ट्रकांच्या नटांवर कधी कधी रंगीत प्लॅस्टिकचे बाण दिसतात. शेजारच्या नटांवरील बाणांची टोके समोरासमोर ठेवलेली असतात आणि एखादा नट थोडा जरी फिरला तरी टोक वाकडे झालेले लांबून दिसते. जीपसाठी त्याहून स्वस्त सोय आहे. नट नीट आवळल्यावर नटापासून रिमपर्यंत पांढऱ्या ऑइलपेंटची एक सरळ रेघ ओढायची. सकाळी पहिली फेरी सुटण्यापूर्वी चालक चाकांभोवती एक फेरी मारील, आणि रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला आहे. आसन चेपून दाब गेला असेल तर रेघ सरळच राहील, हे मात्र लक्षात ठेवावे. त्यासाठी पाना लावूनच पाहावे लागते.